कोंबडी घराची, राखण वाडीची

पहाटे खुराड्याची फळी सरकवण्याचं काम ज्यांनी कधी केलं असेल, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. फळी निघाली, की आधी कोंबडा मान बाहेर काढून इकडेतिकडे बघतो. मग जणू आपल्याच परवानगीनं दिवस उजाडतो आहे अशा थाटात बाहेर येतो, पंख फडफडवतो आणि खणखणीत बांग देतो. त्याच्यामागून कोंबड्या एकेक करून उतरतात, अंग झाडतात आणि दुसऱ्याच क्षणी उकिरड्याकडे धावतात. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे खरं. पण कोंबडं सोडल्याशिवाय आमच्या घरी सकाळ झाल्यासारखी वाटत नाही, हेही तितकंच खरं.

कोकणातल्या आमच्या वाडीत सतरा घरं आहेत आणि बहुतेक घरांत पाचपासून वीसपर्यंत कोंबड्या आहेत. हे काही आमच्याच वाडीचं वैशिष्ट्य नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या कोंबड्या आणि इतर पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर गेली. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी मोठ्या शेडमधले नव्हते, घरामागच्या परसातले होते. २०१२ च्या गणनेशी ताडून पाहिलं, तर परसातल्या पक्ष्यांचा हा आकडा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेला होता. म्हणजे गावठी कोंबडी मागे पडली असं आपण म्हणत होतो, तेव्हा ती गुपचूप वाढत होती.

शहरातून गावाकडे परतलेली मंडळी मला अनेकदा विचारतात, ‘चार कोंबड्या पाळायच्या म्हणतोय, जमेल का?’ जमेल, नक्की जमेल. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या छंदातला सगळ्यात मोठा धोका असा आहे, की तो एकट्यानं, आपल्या कुंपणाच्या आत राहून टाळता येत नाही. मला हे स्वतःच्या चुकीतून कळलं. त्या चुकीकडे येतेच; पण आधी कोंबडीची नीट ओळख करून घेऊ.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते सत्तर अंडी देते. अंड्यांसाठी मुद्दाम तयार केलेल्या संकरित कोंबड्या तीनशेपर्यंत देतात. एवढा फरक ऐकला, की माणसं गावठीला आळशी ठरवून मोकळी होतात. पण तिचं वर्ष कसं जातं ते पाहा. ती बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. म्हणजे अंडी घालणं थांबवते, पिसं फुलवून एका जागी बसून राहते, जवळ गेलं की गुरगुरते. तिला आता अंडी उबवायची असतात. एकवीस दिवस ती रवणावर बसते. पिल्लं निघाली, की पुढचे दीड-दोन महिने त्यांना घेऊन फिरते, उकरून दाखवते, घार दिसली की पंखाखाली घेते. एवढं सगळं वर्षातून तीन-चार वेळा. अंडी उबवण्याचं यंत्र, दाई आणि राखणदार ही तिन्ही कामं जी एकटी करते, तिला आळशी कसं म्हणायचं?

वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती खास परसातल्या पालनासाठी तयार झाल्या आहेत. त्या गावठीच्या दुपटीच्या आसपास अंडी देतात, वजनानंही भरतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यामुळे पुढची पिल्लं दरवेळी विकत आणावी लागतात किंवा गावठीच्या पोटाखाली उबवून घ्यावी लागतात. आमच्याकडे बऱ्याच बायका हाच मेळ घालतात. अंडी सुधारित कोंबडीची, पोट गावठीचं!

रवण घालणं ही एक कलाच आहे. टोपलीत राख आणि वर भाताचं तूस किंवा पेंढा घालून बैठक करायची. कोंबडीच्या अंगाखाली झाकतील एवढीच, म्हणजे दहा-बारा अंडी ठेवायची. ती आठवड्याच्या आतली असावीत. लोभानं सोळा ठेवली, तर कडेची गार पडतात. ती पुन्हा आत सरकतात, आतली बाहेर येतात आणि शेवटी सगळीच बिघडतात. सातव्या रात्री अंडं हातात धरून खालून बॅटरीचा झोत टाकायचा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, की पिल्लू धरलं आहे असं समजायचं. अंडं नितळ दिसलं तर ते रिकामं. आमच्या लहानपणी आजी हेच काम कंदिलाच्या उजेडात करायची आणि आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो. विसाव्या दिवशी अंड्याला कान लावला, तर आतून टकटक आणि बारीक चिवचिव ऐकू येते. मला विचाराल, तर कोंबडी पाळण्यातला सगळ्यात मोठा आनंद तोच.

दुसरा आनंद त्यांच्याकडे नुसतं बघण्याचा. कोंबड्यांत कोण कोणाला टोचणार आणि कोण मुकाट्यानं बाजूला होणार, याची पक्की उतरंड असते. नॉर्वेतल्या थॉर्लीफ श्येल्डरुप-एब्बे या अभ्यासकानं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड शास्त्रात मांडली. लहानपणापासून तो कोंबड्यांच्या कळपासमोर वही घेऊन बसत असे. आमच्या वाडीतल्या कुठल्याही सासूनं किंवा सुनेनं त्याला हे वहीशिवाय सांगितलं असतं, हा भाग वेगळा. पण यातून एक व्यवहाराची गोष्ट कळते. नवी कोंबडी एकदम कळपात सोडली, की ही सगळी उतरंड नव्यानं ठरते आणि रक्त निघेपर्यंत मारामाऱ्या होतात. खाणं ठेवताना एकाच भांड्यात न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवावं, म्हणजे तळाच्या कोंबडीलाही चार दाणे मिळतात.

आता त्रासाकडे येऊ. बारा अंड्यांतून नऊ-दहा पिल्लं निघाली, तर दोन महिन्यांनी त्यांतली पाच-सहा उरली तरी आमच्याकडे समाधान मानतात. एखादं घार उचलते, एखादं मुंगूस नेतं, एखादं पावसात भिजून गारठतं. यावरचे उपाय साधे आहेत. पिल्लांना पहिले पंधरा दिवस डालग्याखाली ठेवावं आणि कोंबडीबरोबर थोडा वेळच सोडावं. खुराडं जमिनीपासून दीड-दोन हात उंच असावं आणि त्याला मुंगसाचं डोकं शिरणार नाही अशी बारीक जाळी असावी. मुंगूस आत शिरलं तर एक मारून थांबत नाही. दर कोंबडीला रात्री दीड-दोन चौरस फूट जागा आणि बसायला दांडी मिळाली, की पुरे. खाली राख किंवा तूस पसरून ते कोरडं ठेवावं. पावसाळ्यात ते ओलं राहिलं, की पिल्लांना रक्ती हगवण लागते. पिल्लं विकत आणली असतील आणि ऊब द्यायला आई नसेल, तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. थर्मामीटर नसला तरी बिघडत नाही. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली, तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब जाऊन चोची उघड्या ठेवून बसली, तर उकडतं आहे. सारखी पसरून दाणे टिपत असतील, तर सगळं ठीक आहे.

खाण्याचं म्हणाल, तर बांधून ठेवलेली मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते. मोकळी फिरणारी त्यातलं बरंचसं स्वतः शोधते: किडे, वाळवी, गवताचं बी, घरातलं उरलंसुरलं. संध्याकाळी मूठभर कणी, भरड किंवा कोंडा दिला, की ती न बोलावता खुराड्याकडे परतते. अंड्याचं कवच पातळ होऊ लागलं, तर शिंपले कुटून घालावेत. कोकणात त्यांना तोटा नाही.

हे सगळं सांभाळलं, की माणसाला वाटतं, आपल्याला कोंबड्या कळल्या. मलाही तसंच वाटलं होतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शिमग्याच्या आधी आठवडा बाजारात मला एक कोंबडा दिसला. तांबूस सोनेरी मान, हिरवट काळी शेपटी, चालण्यात ऐट. घासाघीस न करता घेतला आणि त्याच संध्याकाळी इतरांबरोबर खुराड्यात सोडला. पाचव्या दिवशी तो पिसं फुलवून कोपऱ्यात बसला. घशातून घरघर येत होती, हगवण हिरवी होती. बाजारातून येताना ऊन लागलं असेल, असं मी समजले. सातव्या दिवशी तो मेला. तोवर माझ्या दोन कोंबड्यांच्या माना वाकड्या होऊन पाठीकडे वळल्या होत्या. पंधरा दिवसांत माझ्या चौदा कोंबड्यांपैकी तीन उरल्या. आणि मी आणखी एक चूक केली. पहिल्या दोन मेलेल्या कोंबड्या पुरल्या नाहीत, तर सवयीप्रमाणे पऱ्ह्याकडेला टाकल्या. कुत्र्यांनी त्या वाडीभर ओढल्या.

शेजारच्या आक्कांकडे तेव्हा एकोणीस कोंबड्या होत्या. त्यांतले सहा नर त्यांनी मे महिन्यासाठी राखून ठेवले होते. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी येतात, गावठी कोंबड्याला चांगला भाव मिळतो आणि त्या पैशांतून पावसाआधी घराची कौलं परतून घ्यायची, असा त्यांचा दरवर्षीचा हिशेब. माझ्या परसातून रोग त्यांच्या परसात गेला. त्यांच्या सतरा कोंबड्या गेल्या. मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा काय बोलावं सुचेना. त्या एवढंच म्हणाल्या, ‘वहिनी, तुझा कोंबडा देखणा होता हो.’ भांडल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

या रोगाला आपण मानमोडी म्हणतो. नाव किती नेमकं आहे! शास्त्रातलं नाव राणीखेत. १९२७ च्या सुमारास कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत या गावी तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला, म्हणून ते नाव. त्याच सुमारास तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावाजवळही दिसला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. तो विषाणूमुळे होतो. आजारी कोंबडीच्या विष्ठेतून आणि नाकाघशातल्या स्रावातून विषाणू बाहेर पडतो आणि पाणी, खाद्य, टोपल्या, आपल्या चपला, सगळ्यांवरून पसरतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. म्हणजे बाजारात धडधाकट दिसणारा कोंबडा रोग घेऊनच घरी येऊ शकतो. एकदा रोग झाला की त्यावर औषध नाही. लसूण, हळद, कुणी सांगितलेली गोळी, मी सगळं करून पाहिलं होतं.

औषध नसलं तरी लस आहे, आणि ती चांगली आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं, की लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकायचा. आठ आठवड्यांनी दुसरी, जास्त जोराची लस टोचून घ्यायची. ही दुसरी लस लहान पिल्लांना चालत नाही. पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्यानं ठरावीक महिन्यांनी पुन्हा मात्रा द्यायची. आजारी कोंबडीला मात्र लस टोचायची नाही.

मग इतकी चांगली लस असताना गावोगावी कोंबड्या का मरतात? याचं उत्तर मला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळालं. मी डॉक्टरांना म्हटलं, ‘माझ्या तीन कोंबड्या उरल्यात, तेवढ्यांना टोचून द्या.’ त्यांनी फ्रीजमधून बोटाच्या पेराएवढी कुपी काढून दाखवली. ‘ताई, यात शंभर डोस आहेत. फोडून पाण्यात मिसळली, की तास-दोन तासांत संपवावी लागते. उरलेले सत्त्याण्णव कोणाला देऊ?’

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हजारो पक्ष्यांच्या शेडला शंभर डोसांची कुपी लहान पडते. तीन कोंबड्यांच्या घराला ती फार मोठी. शिवाय ती कायम दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात राहिली पाहिजे. खिशात घालून, उन्हातून एसटीनं आणली, तर ती नुसतं पाणी होते आणि आपण लस दिली या समजुतीत राहतो. म्हणजे एकट्या घराला लस परवडत नाही ती पैशांमुळे नव्हे. लस स्वस्तच असते. ती परवडत नाही कारण ती एका घरासाठी बनलेलीच नाही. आणि रोग तरी कुठे एका घराचा असतो? कोंबड्यांना आपल्या गडग्याची हद्द कळत नाही. त्या दिवसभर एकमेकींच्या उकिरड्यावर असतात. खुराडी सतरा असली, तरी विषाणूच्या हिशेबानं कळप एकच.

पावसाळ्यानंतर पुन्हा कोंबड्या जमल्या, तेव्हा आम्ही घरोघर मोजणी केली. लहानमोठ्या मिळून दीडशेच्या वर भरल्या. आठ दिवस आधी सगळ्यांना जंताचं औषध दिलं. दिवस ठरवला आणि वेळ ठेवली अंधार पडल्यानंतरची. दिवसा कोंबडी धरायची म्हणजे वाडीभर शर्यत. रात्री ती दांडीवरून फुलासारखी उचलता येते. दवाखान्यातून माणूस आला, बर्फ भरलेल्या थर्मासमधून कुप्या आणल्या. पोरांनी बॅटऱ्या धरल्या, बायकांनी कोंबड्या धरल्या. पहिली कुपी संपेपर्यंत दुसरी फोडायची नाही, हे त्यानं आधीच बजावलं होतं. त्यामुळे पुढच्या घरच्या कोंबड्या आधीच टोपल्यांत भरून तयार ठेवल्या. एका घरानं नकार दिला. टोचल्यावर कोंबडी अंडी घालायची थांबते, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही; थोडे दिवस अंडी कमी होऊ शकतात. त्यांची समजूत मी घातली नाही. आक्का गेल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या सतरा गेल्या, तेव्हा एकदम सगळीच अंडी थांबली.’ पाच मिनिटांत त्या घरची टोपली आली.

तेव्हापासून वाडीत काही नियम झाले आहेत, कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळे पाळतात. बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी, लांब ठेवायची. तिला खाणं-पाणी घरच्या कोंबड्यांचं झाल्यावर द्यायचं. कोंबडी मेली, तर ती कापून खायची नाही, विकायची नाही, पऱ्ह्यात टाकायची नाही. खोल खड्ड्यात चुना घालून पुरायची आणि शेजारी सांगायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आपल्या घरी रोग आला, हे सांगायला माणूस लाजतो आणि घाईघाईनं उरलेल्या कोंबड्या विकून टाकतो. रोगाला वाहन मिळतं ते असं.

एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या भराभर मेल्या, तर हात न लावता दवाखान्याला कळवायचं, कारण ती मानमोडी आहे की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी ठरत नाही. मानमोडीनं माणसाला फार तर डोळे येतात. बर्ड फ्लू मात्र माणसाच्या जिवावर बेतू शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा आढळला. अशा वेळी ठरावीक अंतरातले सगळे पक्षी नष्ट करावे लागतात, त्यात परसातल्या चार कोंबड्याही सुटत नाहीत. म्हणून खबर जितकी लवकर, तितकं नुकसान थोडं.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, की हा उपद्व्याप हवाच कशाला? अंडी दुकानात मिळतात. मिळतात, कबूल. पण आक्कांना विचारा. शेतीचा पैसा, मुलाची मनीऑर्डर यांचा हिशेब घरातले पुरुष ठेवतात. अंड्यांचे आणि कोंबड्यांचे पैसे मात्र बाईच्या डब्यात जातात. त्यांतून नातवाची वही येते, दवाखान्याची रिक्षा येते, कौलं परतली जातात. लहान दिसणारा हा व्यवहार अनेक घरांत बाईच्या हातातला एकमेव स्वतःचा पैसा असतो. अकरा कोंबड्या मेल्या तेव्हा माझा छंद मोडला. सतरा मेल्या तेव्हा आक्कांचं छप्पर त्या पावसात गळलं. फरक एवढा मोठा होता.

तेव्हा तुम्हाला चार कोंबड्या पाळायच्या असतील, तर जरूर पाळा. खुराडं बांधण्याआधी मात्र शेजारच्या परसात किती कोंबड्या आहेत, ते विचारून या. आजूबाजूच्या घरांची मिळून शंभरी भरते का, ते बघा. भरत असेल, तर अर्धं काम झालं.

आमच्याकडे मानमोडी त्यानंतर तशी फिरलेली नाही. मुंगसानं मात्र गेल्याच महिन्यात दोन पिल्लं नेली. त्याच्यावर कुठली लस निघालेली नाही. आक्कांकडे यंदा बावीस कोंबड्या आहेत. त्यांच्या कोंबड्यानं आणि माझ्या कोंबड्यानं पहाटे एकमेकांना उत्तर द्यायला सुरुवात केली, की बाकीच्या पंधरा घरांतून साद येत जाते. अंथरुणात पडल्या पडल्या मी ती मोजते. सगळीकडून आली, की उठून फळी सरकवते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)